दोन पेने, एक घंटी

एसटीत तुम्ही बसला असालच. कंडक्टर दोरी ओढतो. एक घंटी वाजली की गाडी थांबते. दोन वाजल्या की गाडी सुटते. आता समजा, एका गाडीत दोन कंडक्टर आहेत. एका म्हातारीला उतरायचे आहे. दोघांनीही ते पाहिले. दोघांनीही थांबायची एकेक घंटी दिली. ड्रायव्हरने ऐकल्या दोन! त्याने गाडी थांबवलीच नाही. काम दोघांनीही बरोबर केले. पण दोघांचा मेळ नव्हता.

औषधाच्या सुईतही असा घोटाळा होऊ शकतो. तो कसा टाळतात, ते पाहू.

साखरेचा आजार, म्हणजे मधुमेह, आता खेड्यापाड्यांतही आहे. आपल्या पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. तो इन्सुलिन तयार करतो. खाल्लेल्या भाकरीची साखर होऊन ती रक्तात येते. इन्सुलिन ती साखर रक्तातून अंगभर कामाला लावते. इन्सुलिन कमी पडले की साखर रक्तातच साचते. काही रोग्यांना मग ते बाहेरून सुईने घ्यावे लागते. १९२२ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात चौदा वर्षांच्या एका मुलाला ही सुई पहिल्यांदा दिली. त्याआधी अशी मुले हाडांचा सापळा होऊन मरत.

पुढे १९८५ साली डेन्मार्कमधल्या एका कंपनीने इन्सुलिनचे पेन काढले. दिसायला शाईच्या पेनासारखे. मागची चकती फिरवून हवे तितके युनिट लावायचे, पोटाच्या कातडीत सुई टोचायची आणि बटण दाबायचे. झाले काम.

पण पुष्कळ रोग्यांना एक पेन पुरत नाही. दोन लागतात. एकातले इन्सुलिन सावकाश चालते. ते दिवसातून एकदा घ्यायचे आणि ते दिवसभर पुरते. दुसरे झटपट चालते. ते जेवणाच्या वेळी घ्यायचे. पहिले म्हणजे राखेखालचा निखारा, दुसरे म्हणजे पेटते चिपाड. रात्री निजताना वीस युनिट सावकाशचे घ्यायचे, आणि अंधारात हातात आले झटपटचे पेन, तर? पोटात अन्न नाही आणि साखर भराभर उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, भूक लागते, बोलणे असंबद्ध होते. वेळीच कळले नाही तर माणूस बेशुद्ध पडतो, जिवावरही बेतते.

दुसरी चूक याहून साधी आहे. “मघाशी सुई घेतली की नाही?” हेच आठवत नाही. मग माणूस पुन्हा घेतो. म्हाताऱ्यांचेच असे होते असे नाही. सुगीच्या दिवसांत तरण्यांनाही दुपारी काय खाल्ले ते आठवत नाही.

म्हणून कारागिरांनी आठवण ठेवणारी पेने केली. किती युनिट सोडले आणि केव्हा सोडले, हे ते पेन टिपून ठेवते. काही पेने ही नोंद बिनतारी मोबाईलला कळवतात. त्याला ब्लूटूथ म्हणतात. रेडिओच्याच जातीच्या लहरी, पण पल्ला छोटा, साधारण तीस फुटांचा. असे एक पेन वापरण्यास अमेरिकेच्या सरकारने २०१६ साली मंजुरी दिली.

झाले, आता अडचण संपली असे वाटेल. पण इथेच दोन कंडक्टरांची गोष्ट सुरू होते! समजा, घरी एका आजीजवळ अशी दोन पेने आहेत आणि मोबाईलही आहे. रात्री नऊ वाजता पेन वाजले, “सुई घ्या.” आजीने घेतली. मोबाईल नातवाबरोबर पारावर गेला होता, त्याला पत्ताच नाही. नातू साडेनवाला परतला. पेनाचा निरोप पोचायच्या आधीच मोबाईल ओरडला, “सुई राहिली!” आजी बिचारी काय करणार?

तेव्हा या साधनांनी आधी आपसांत बोलले पाहिजे, मग माणसाशी. सगळ्यांची घड्याळे एक हवीत. सुई घेतल्याची खबर सगळ्यांना हवी. आठवण कोणी एकानेच द्यावी, बाकीच्यांनी गप्प बसावे. ज्या पेनाची वेळ आहे त्याचाच दिवा लागावा. एका ठिकाणी “कळले” म्हणून बटण दाबले की सगळीकडचा आवाज थांबावा. मोबाईल दूर असेल किंवा त्याची बॅटरी संपली असेल, तर पेनाने स्वतः बोलावे. आणि निरोप पोचला नसेल तर “सुई राहिली” असे म्हणू नये. “मला माहीत नाही, पेन बघा” असे म्हणावे. माझ्या मते हे शेवटचे सर्वांत मोलाचे. न कळता ठासून सांगणारा माणूस जसा घातक, तसेच यंत्रही.

आणखी एक गोम आहे. पेनातून औषध बाहेर पडले, एवढेच पेनाला कळते. ते अंगात गेले की नाही, हे कळत नाही. सुई घेण्याआधी हवा काढायला दोन युनिट बाहेर उडवतात. तीही नोंद होते. ती वेगळी धरली नाही तर हिशेब चुकतो. आजी जेवली की नाही, हेही पेन सांगू शकत नाही.

अशी पेने महाग आहेत. ती घरात नसली तरी हे सारे हाताने करता येते. एका पेनाला लाल दोरा बांधा. दोन्ही पेने वेगवेगळ्या जागी ठेवा. सुई घेतली की लगेच वहीत वेळ आणि युनिट लिहा. आता तुम्हाला लिहिता येतेच! आठवण करण्याचे काम घरात एकाकडेच द्या. सून आणि मुलगा दोघेही सांगू लागले की पुन्हा दोन घंट्या.

घेतली की नाही अशी शंका आली तर अंदाजाने दुसरी सुई घेऊ नका. रक्तातली साखर तपासा आणि डॉक्टरांना विचारा. साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका. १०८ ला फोन करा, आणि वही गाडीत बरोबर घ्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील: कोणती सुई, किती, केव्हा?