स्पेलिंग का चुकते? पेडगावच्या ‘एन’ला विचारा!

परभणीहून मानवत रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पेडगाव हे एक छोटे स्थानक आहे. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ या वाक्प्रचारातील पेडगाव सहसा भीमाकाठचे, श्रीगोंदा तालुक्यातील मानले जाते. परभणी जिल्ह्यातील हे पेडगाव मात्र इंग्रजी स्पेलिंगचे एक कोडे उलगडण्यास मदत करते. गावाचे नाव रोमन लिपीत लिहिताना पी-ई-डी-जी-ए-ओ-एन अशी अक्षरे येतात. उच्चारात कोठेही ‘न’ नसताना शेवटी ‘एन’ कशासाठी?

याचे उत्तर मराठीतच आहे. पूर्वी ‘गांव’ हा शब्द अनुस्वार देऊन लिहिला जात असे. रोमन लिपीतील ‘एन’ ही त्या अनुनासिकाची खूण. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी उच्चारात नसलेले असे अनुस्वार काढून टाकले आणि ‘गांव’चा ‘गाव’ झाला. रोमन लेखनातील ‘एन’ मात्र तसाच राहिला. उच्चार गेला, अक्षर उरले! इंग्रजी भाषेतील हजारो शब्दांची कथा हीच आहे.

कान मराठी, लेखणी इंग्रजी

इंग्लंडमध्ये विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये छापखाना सुरू केला. छपाईमुळे शब्दांची रूपे हळूहळू स्थिर होऊ लागली. परंतु त्याच काळात आणि पुढची दोनेकशे वर्षे इंग्रजीचे उच्चार मोठ्या प्रमाणावर बदलत राहिले. ‘नाइफ’ आणि ‘नॉलेज’ यांच्या आरंभीचा ‘के’ एकेकाळी खरोखर उच्चारला जात असे. पुढे तो उच्चारातून गेला, कागदावर राहिला.

मराठी माणसाची सवय याच्या उलट आहे. ऱ्हस्व-दीर्घाची डोकेदुखी सोडली, तर आपण बहुतांशी जसे बोलतो तसे लिहितो. हाच कान इंग्रजीला लावला की स्पेलिंग चुकते. म्हणजेच ही चूक बुद्धीची नसते. ती प्रामाणिक मराठी कानाची असते. महाराष्ट्रातील मराठी शाळांमध्ये २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. तरीही मराठी माध्यमातून आलेला एखादा हुशार तरुण नोकरीच्या अर्जातील दोन चुकांमुळे ‘कच्चा’ ठरवला जातो आणि कालांतराने स्वतःही तसेच समजू लागतो. म्हणूनच चुका मोजण्यापेक्षा त्यांची जात ओळखणे महत्त्वाचे ठरते.

आपली चाचणी आपणच घ्या

पुढील सोळा शब्द मुद्दाम देवनागरीत दिले आहेत. कागद घेऊन ते इंग्रजीत लिहा. शब्दकोश किंवा मोबाइल तूर्त बाजूला ठेवा.

१) वेन्सडे २) कमिटी ३) ग्रामर ४) शुगर
५) रिसीट ६) अ‍ॅड्रेस ७) डॉक्टर ८) ओशन
९) आयलंड १०) टुमॉरो ११) कॅलेंडर १२) मशीन
१३) नॉलेज १४) अकोमोडेशन १५) रिपोर्टर १६) टेन्शन

लिहून झाल्यावर शब्दकोशातून तपासा. मात्र सोळापैकी किती गुण मिळाले एवढ्यावर थांबू नका. कोणत्या उभ्या रांगेत अधिक चुका झाल्या ते पाहा. प्रत्येक रांग एका वेगळ्या दुखण्याची आहे.

पहिली रांग : मूक अक्षरे. ‘वेन्सडे’त ‘डी’ आहे, ‘रिसीट’मध्ये ‘पी’, ‘आयलंड’मध्ये ‘एस’ आणि ‘नॉलेज’च्या आरंभी ‘के’. त्यांतील ‘आयलंड’ची गंमत वेगळीच. त्यात ‘एस’ मुळात नव्हताच. लॅटिन ‘इन्सुला’ या शब्दाशी नाते असल्याच्या गैरसमजातून विद्वानांनी तो घुसडला. येथे चुकला असाल, तर मनाशी अक्षरन् अक्षर उच्चारून पाठ करा : ‘वेड-नेस-डे’, ‘इस-लँड’. हा उच्चार फक्त लिहिताना मनात, बोलताना नव्हे.

दुसरी रांग : जोड अक्षरे. मराठीत ‘पका’ आणि ‘पक्का’ यांतील फरक कानाला कळतो. इंग्रजीत ‘डबल एम’ लिहिला तरी उच्चार एकाच ‘म’चा. त्यामुळे ‘कमिटी’त आपण एकच ‘एम’ लिहितो. प्रत्यक्षात तेथे डबल एम, डबल टी आणि डबल ई आहे. येथे शब्दाची फोड उपयोगी पडते. ‘कमिटी’तील आरंभीचा ‘कॉम’ हा लॅटिन उपसर्ग, त्यापुढे ‘मिट’. म्हणून दोन एम. ‘अकोमोडेशन’मध्ये ‘अ‍ॅड’ आणि ‘कॉम’ असे दोन उपसर्ग एकमेकांना बिलगले आहेत. ‘अ‍ॅड’मधील ‘डी’चा पुढच्या ‘सी’शी मेळ होऊन डबल सी झाला आणि ‘कॉम’मुळे डबल एम. याउलट ‘टुमॉरो’ म्हणजे ‘टु’ अधिक ‘मॉरो’. म्हणून एम एकच, आर मात्र दोन.

तिसरी रांग : अस्पष्ट स्वर. ग्रामर, डॉक्टर, कॅलेंडर, रिपोर्टर या सर्वांचा शेवट मराठी कानाला सारखाच ‘अर’ ऐकू येतो. लेखनात मात्र ग्रामर आणि कॅलेंडरला ए-आर, डॉक्टरला ओ-आर आणि रिपोर्टरला ई-आर. अनेकदा शब्दाचे भाऊबंद येथे साक्ष देतात. ‘ग्रॅमॅटिकल’ म्हटले की लपलेला ‘ए’ ऐकू येतो. ‘एडिटर’चा ‘ओ’ ‘एडिटोरिअल’मध्ये उघड होतो. हीच युक्ती मूक अक्षरांनाही लागू पडते. ‘साइन’मधील मुका ‘जी’ ‘सिग्नेचर’मध्ये बोलू लागतो.

चौथी रांग : एक ‘श’, अनेक वेश. ‘शुगर’मध्ये केवळ ‘एस’, ‘ओशन’मध्ये सी-ई, ‘मशीन’मध्ये सी-एच, तर ‘टेन्शन’मध्ये एस-आय. ‘मशीन’ फ्रेंचमधून आल्यामुळे तेथे सी-एचचा उच्चार ‘श’ होतो. शब्दकुळी येथेही मदत करते : ‘टेन्स’मध्ये एस, म्हणून ‘टेन्शन’मध्ये एस, ‘नेटिव्ह’मध्ये टी, म्हणून ‘नेशन’मध्ये टी, ‘म्युझिक’मध्ये सी, म्हणून ‘म्युझिशियन’मध्येही सी.

सुधारणेचा मार्ग

इंग्रजी स्पेलिंगला काही नियमच नाही, असा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. अमेरिकेत पॉल हॅना आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये सतरा हजारांहून अधिक शब्द संगणकाद्वारे तपासले. केवळ उच्चारावर आधारित नियमांनी त्यांपैकी जवळपास निम्म्या शब्दांचे स्पेलिंग अचूक आले. शब्दाचे मूळ आणि कुळी लक्षात घेतली, तर उरलेल्यांपैकीही पुष्कळ शब्द आवाक्यात येतात.

पाठांतराची पद्धतही बदलायला हवी. एकच शब्द पन्नास वेळा लिहिण्यात हात चालतो, डोके चालत नाही. त्याऐवजी शब्द नीट पाहा, झाका, आठवणीतून लिहा आणि पडताळा. चुकलेला शब्द चार रकान्यांच्या वहीत त्या त्या रांगेखाली नोंदवा. तोच शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा लिहून पाहा. घरातील कोणी शब्द उच्चारावा व दुसऱ्याने लिहावा, ही जुनी श्रुतलेखनाची पद्धत आजही उत्तम आहे. रोज पाच शब्द पुरेत.

स्पेलिंग स्पर्धांतील यशामागेही बरेचसे हेच तंत्र असते. अमेरिकेतील राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेत १९८५ मध्ये बालू नटराजन हा भारतीय वंशाचा मुलगा विजेता ठरला. २०१९ मध्ये तर आठ मुले संयुक्त विजेती ठरली आणि त्यांत सोहम सुखटणकर हे मराठी वाचकांना ओळखीचे वाटणारे आडनावही होते. या स्पर्धेत मुलांना शब्दाचा अर्थ आणि तो कोणत्या भाषेतून आला हे विचारण्याची मुभा असते. शब्दाचे मूळ कळले की पुढची अक्षरे सुचतात.

संगणकाचा भरवसा किती?

संगणक चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ ओढतो. पण शांतता या अर्थाच्या ‘पीस’ऐवजी तुकडा या अर्थाचा ‘पीस’ लिहिला, तर तो बहुधा गप्प बसतो. शिवाय १८२८ मध्ये नोहा वेबस्टरने प्रसिद्ध केलेल्या कोशापासून रुळलेली अमेरिकी रूपे निवडलेली असतील, तर आपल्या शाळेत शिकवलेला ‘यू’सह ‘कलर’ही त्याला चूक वाटतो. अशा वेळी ब्रिटिश किंवा अमेरिकी यांपैकी एक पद्धत निवडून तीच पाळावी. स्वतःच्या नावाबाबत तर संगणक काहीच सांगू शकत नाही. शाळेचा दाखला, गुणपत्रिका आणि आधार कार्ड यांवरील नावात एका अक्षराचा फरक पडला, तरी पुढे दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात. म्हणून मुलाचे नाव पहिल्यांदा इंग्रजीत लिहाल तेव्हाच स्पेलिंग ठरवा आणि सर्वत्र तेच ठेवा.

पेडगावचा ‘एन’ आता ऐकू येत नाही. पण तो का आहे हे कळल्यावर लिहायचा राहत नाही. बाकीच्या शब्दांचेही तसेच आहे.