दरडीवर वसलेलं गाव

फ्रान्सच्या दक्षिणेला, अवेरों जिल्ह्यात, सुलझों नावाच्या ओढ्याच्या खोऱ्यावर कोंबालूचा कडा उभा आहे. वर चुनखडीचा जाड थर आणि खाली चिकणमाती. फार प्राचीन काळी पाणी मुरून मुरून ही माती निसटली आणि वरचा दगड तिच्यासोबत घसरत, फुटत खाली आला. सुमारे दोन किलोमीटर लांब आणि तीनशे मीटर रुंद असा धोंड्यांचा पट्टा कड्याच्या पायथ्याशी साचला. माणसाने अशा जागेपासून दूर राहावं. इथे मात्र त्या दरडीवरच गाव बसलं. रोकफोर-सुर-सुलझों हे त्याचं पूर्ण नाव. लोकवस्ती जेमतेम पाच-सहाशे. शेतीला धड सपाट तुकडा नाही. तरीही या गावाचं नाव जगभरातल्या चीजच्या दुकानांत लिहिलेलं असतं, आणि त्याचं कारण ती कोसळलेली दरडच आहे.

धोंडे एकमेकांवर रेलून पडले तेव्हा त्यांच्यामध्ये भेगा राहिल्या. काही बोटभर रुंद, काही माणूस आत शिरेल एवढ्या. गावकरी त्यांना फ्लरीन म्हणतात. बाहेरची हवा ओल्या, थंड दगडांतून वाट काढत आत येते आणि येता येता स्वतः थंड आणि दमट होते. बाहेर उन्हाळा असो की बर्फ, आतलं तापमान साधारण 8 ते 12 अंशांच्या दरम्यान राहतं आणि हवेतला ओलावा 95 टक्क्यांच्या आसपास. या भेगांच्या तोंडाशी लोकांनी मजल्याखाली मजला अशी तळघरं खोदली आणि प्रत्येक भेगेला झडप बसवली. कोणती झडप किती उघडायची हे तळघराचा प्रमुख ठरवतो. पंखा किंवा शीतयंत्र नसताना इतकी काटेकोर हवा मिळवणारी ही व्यवस्था मला रोकफोरची खरी करामत वाटते. चीज तिच्या नंतर येतं.

एक दंतकथा सगळे सांगतात: एक मेंढपाळ, मुलगी दिसली म्हणून, भाकरी आणि ताजं चीज गुहेत टाकून तिच्यामागे गेला आणि परतला तेव्हा त्यावर निळी-हिरवी बुरशी चढली होती. गोष्ट छान आहे, पण प्रत्यक्ष कामाची हकिकत तिच्याहून सरस आहे. पूर्वी राय नावाच्या धान्याच्या मोठ्या पावरोट्या भाजून तळघरात ठेवत. सहा-आठ आठवड्यांत बुरशी त्या आतून पोखरून टाकी. मग त्या वाळवून त्यांची पूड करत आणि ती चीजमध्ये मिसळत. 1906 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स थॉम यांनी या बुरशीचं शास्त्रीय वर्णन केलं आणि पेनिसिलियम रोकफोर्टी या नावात गावाचं नाव कायमचं अडकलं. बुरशीला श्वास घ्यायला हवा लागते, म्हणून चीजच्या प्रत्येक चाकाला सुयांनी आरपार भोकं पाडतात. चाक तळघरात निदान चौदा दिवस उघडं राहतं. त्यानंतर ते कथिलाच्या किंवा तशाच पातळ पत्र्यात गुंडाळून आणखी थंड जागी ठेवतात, आणि एकूण नव्वद दिवस भरल्याखेरीज ते विकता येत नाही. अडीच-तीन किलोच्या एका चाकाला बारा लिटरच्या आसपास दूध लागतं. तेही मेंढीचं, न तापवलेलं.

चाकं उलटणं, खरवडणं, पुसणं, गुंडाळणं ही कामं पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केली. त्यांना काबानिएर म्हणत. लोकरी घागऱ्यांवर घागरे चढवून, पायात लाकडी खडावा घालून त्या बारमाही हिवाळ्यात उभ्या असत. रोकफोरच्या जाहिरातींत गुहा, राजे आणि तो मेंढपाळ ठळक दिसतात. या बायकांचा हिशेब त्यांच्या आधी मांडायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

राजांचा उल्लेख मात्र उगाच नाही. 1411 मध्ये सहाव्या शार्लने या गुहांमध्ये चीज मुरवण्याचा एकाधिकार रोकफोरच्या रहिवाशांना दिला. 1666 मध्ये तुलूझच्या न्यायपीठाने भलतंच चीज रोकफोर म्हणून विकणाऱ्या व्यापाऱ्यांना दंड ठरवला. 26 जुलै 1925 रोजी फ्रान्सच्या संसदेने या नावासाठी स्वतंत्र कायदा केला. असं संरक्षण मिळालेलं हे फ्रान्समधलं पहिलं चीज. 1961 मध्ये मियोच्या न्यायालयाने सीमाच आखून दिली: तंत्र कुणीही वापरावं, पण कोंबालूच्या त्या दरडीतल्या नैसर्गिक गुहांत मुरलेल्या चीजलाच रोकफोर म्हणता येईल. म्हणजे नावाची हद्द भूगर्भाने ठरवली. आज तिथे सात उत्पादक उरले आहेत. त्यांतला सर्वांत मोठा, सोसिएते, लाक्तालिस या बलाढ्य दूध कंपनीच्या मालकीचा आहे. नावाला संरक्षण मिळालं, पण ते नाव कुणाच्या मुठीत राहावं हा प्रश्न कायद्याने सोडवला नाही.

दूध येतं ते आजूबाजूच्या डोंगर-पठारांवरून. कड्यावर चढलं की लारझाक सुरू होतं: कोरडं, वाऱ्याचं, दगडगोट्यांचं पठार. पाऊस पडतो, पण चुनखडी तो गिळून टाकते आणि पाणी खाली दरीत झऱ्यांतून निघतं. म्हणून मेंढपाळांनी खोलगट जागी दगडी फरशी बसवून मेंढ्यांसाठी पाणवठे बांधले. लाकोन जातीची मेंढी या भागात टिकली, कारण तिला हेच खुरटं गवत पुरतं. दूध माणसाला हवं असल्याने कोकरं लवकर विकली जात, आणि त्यांच्या कोवळ्या कातड्यातून शेजारच्या मियो शहरात हातमोज्यांचा नामांकित धंदा उभा राहिला. 2011 मध्ये युनेस्कोने हा सगळा पशुपालक प्रदेश जागतिक वारशात घेतला.

या पठारावरच्या शेतकऱ्यांची खरी परीक्षा 1971 मध्ये झाली. ला काव्हालरी इथला जुना लष्करी तळ तीन हजार हेक्टरांवरून सतरा हजारांपर्यंत वाढवायची घोषणा संरक्षणमंत्री मिशेल दब्रे यांनी केली. जमीन नापीक आणि वस्ती तुरळक, असं सरकारचं गणित होतं. ते चुकलं होतं, कारण त्या तुरळक वस्तीचं दूध रोकफोरच्या गुहांत जात होतं आणि घरं त्यावर चालत होती.

इथे गोष्टीत आपलं वर्धा येतं. लांझा देल वास्तो हे इटालियन कवी-विचारवंत 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींकडे राहिले होते. गांधीजींनी त्यांना शांतिदास हे नाव दिलं. पुढे फ्रान्समध्ये त्यांनी आश्रमासारखी वसाहत स्थापली आणि ती लारझाकच्या दक्षिण काठाजवळ स्थिरावली. 1972 च्या मार्चमध्ये त्यांनी ला काव्हालरीत पंधरा दिवसांचं उपोषण केलं. शेतकरी त्यांना भेटत, ऐकत, वाद घालत राहिले. त्याच महिन्याच्या 28 तारखेला 103 शेतकऱ्यांनी शपथ घेतली की आपली जमीन लष्कराला विकायची नाही. पुढच्या ऑक्टोबरात त्यांनी मेंढ्या पॅरिसला नेऊन आयफेल टॉवरखाली सोडल्या. ला ब्लाकिएर या वाडीत परवानगी न घेता मेंढवाडा बांधायला घेतला, आणि तोही तळासाठी हेरलेल्या जागेत. त्यासाठी फ्रान्सभरातल्या लोकांनी आपल्या करातला तीन टक्के हिस्सा सरकारला न देता इकडे पाठवला. मिठाचा सत्याग्रह जाणणाऱ्या वाचकाला ही रीत वेगळी समजावून सांगायला नको. 1978 मध्ये शेतकरी पॅरिसपर्यंत पायी चालत गेले. दहा वर्षं माघार नव्हती. 1981 मध्ये फ्रान्स्वा मितराँ राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी तळवाढ रद्द केली.

त्याच लढ्यातून घडलेले मेंढपाळ-शेतकरी जोझे बोव्हे 1999 मध्ये जगाला माहीत झाले. संप्रेरकं टोचलेल्या गुरांचं अमेरिकी गोमांस युरोपने नाकारलं, तेव्हा अमेरिकेने रोकफोरवर शंभर टक्के जकात लावली. त्याच्या निषेधात ऑगस्टमध्ये बोव्हे आणि इतर मेंढपाळांनी मियोतलं मॅकडोनाल्ड्‌सचं अर्धवट बांधकाम उचकटून काढलं.

लष्कराने त्या दहा वर्षांत विकत घेतलेल्या जमिनीचं पुढे काय झालं, हे मला या साऱ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. सरकारने ती शेतकऱ्यांना वाटून विकली नाही. 1985 मध्ये त्यांच्याच सामुदायिक संस्थेला ती दीर्घ मुदतीने भाड्याने दिली. कसणारा काम करत असेपर्यंत शेत आणि घर वापरतो. निवृत्तीला ते वारसाला देता येत नाही, बाजारात विकताही येत नाही. संस्था नवा कसणारा शोधते. म्हणून पठारावर जमिनीचा सट्टा चढला नाही. बापजाद्यांची शेती नसलेली तरुण जोडपीही तिथे मेंढ्या पाळायला येऊ शकली.