माळी झाला धर्मगुरू

कॅथलिक म्हणजे रोमच्या पोपला मानणारे ख्रिस्ती. अमेरिकेत आज ते कोट्यवधी आहेत. पण पूर्वी तिथे त्यांचे हाल होते. त्यांतल्याच एकाची हकीकत आम्ही सांगतो.

जॉन ह्यूज हा आयर्लंडमधल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा. १८१७ साली तो अमेरिकेत गेला. एका कॉलेजच्या बागेत माळीकाम करू लागला. शिकायची ओढ मोठी. विशी उलटल्यावर तो तिथेच विद्यार्थी झाला. पुढे धर्मगुरू झाला. १८४२ साली तो न्यूयॉर्कचा बिशप, म्हणजे तिथला मुख्य धर्मगुरू झाला.

१८४४ साली फिलाडेल्फिया शहरात दंगलखोरांनी दोन कॅथलिक चर्च जाळली. तेव्हा ह्यूज यांनी न्यूयॉर्कातल्या चर्चभोवती राखणीला माणसं उभी केली. तिथली चर्च वाचली.

१८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला. गरिबांचं पोट बटाट्यावरच. दुष्काळात सुमारे १० लाख माणसं मेली. लाखो लोक अमेरिकेत आले. हातात पैसा नाही, गाठीला विद्या नाही. ह्यूज यांनी त्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. १८५० साली बचतीची बँक निघाली. मजूर, मोलकरणी तीत पैसे ठेवीत आणि घरी धाडीत.

१९६० साली जॉन केनेडी अमेरिकेचे पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष निवडून आले. त्यांचे पणजोबा याच दुष्काळात आयर्लंड सोडून आले होते.

वाचकहो, वय झालं म्हणून पाटी खाली ठेवू नका. त्या माळ्यानं ठेवली नाही.