विश्लेषण : आधी वैर, मग प्रेम... ‘एनिमीज टू लव्हर्स’ कथांची वाचकांना भुरळ का?

इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांच्या जाहिरातीत हल्ली कथानकाच्या आधी कथेचा साचा सांगितला जातो. खोटे लग्न, जुनी मैत्री, एकाच खोलीत अडकलेले दोघे, अशी त्याची लेबले असतात. चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या संकेतस्थळांवर ती रुळली आणि पुढे टिकटॉकवरच्या ‘बुकटॉक’ वाचकांनी ती घरोघरी पोहोचवली. यातलेच एक अत्यंत लोकप्रिय लेबल म्हणजे ‘एनिमीज टू लव्हर्स’. म्हणजे आधी एकमेकांचे तोंडही पाहायला नको आणि अखेरीस एकमेकांशिवाय करमत नाही. शेवट मुखपृष्ठावरच कळलेला असताना वाचक पाचशे पाने का वाचतो?

वैर नेमके कोणाचे?

‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या प्रकारात बसत नाही. तिथे वैर दोन घराण्यांचे आहे, ते दोघे तर पहिल्या भेटीतच प्रेमात पडतात. या साच्यात भांडण त्या दोघांतलेच असावे लागते. शेक्सपिअरच्याच ‘मच अडू अबाउट नथिंग’मधले टोमणेबहाद्दर बिआट्रिस आणि बेनेडिक हे त्याचे चारशेहून अधिक वर्षे जुने उदाहरण.

सॅली थॉर्न यांच्या ‘द हेटिंग गेम’ (२०१६) या कादंबरीत दोन प्रकाशन संस्थांचे विलीनीकरण होते आणि दोन प्रमुखांचे दोन सहायक, ल्यूसी व जोशुआ, समोरासमोर बसू लागतात. दोघांचा एकाच बढतीवर डोळा. जो जिंकेल तो दुसऱ्याचा साहेब होणार. रिबेका यारोस यांच्या ‘फोर्थ विंग’मध्ये (२०२३) वैर जिवावरचे आहे : नायकाचे वडील बंडाचे नेते म्हणून मारले गेले आणि नायिकेची आई त्याच राजवटीची सेनापती. ‘ब्रिजर्टन’ मालिकेच्या दुसऱ्या पर्वातली (२०२२) भारतातून लंडनला आलेली केट शर्मा आणि अँथनी यांची जुगलबंदीही याच जातीची. मराठी प्रेक्षकाला हा बाज अनोळखी नाही. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) हा चित्रपट बराचसा दोघांच्या वादावादीवरच चालतो. अर्थात, तिथे वैर कमी आणि शहरांचा अभिमान जास्त.

शेवट माहीत असूनही ओढ कशाची?

प्रेमकथेच्या अभ्यासक पामेला रेजिस यांनी या साहित्यप्रकाराचे जे आवश्यक घटक सांगितले, त्यात एक आहे ‘अडथळा’. पूर्वी जात, वर्ग, वडिलांचा नकार असे अडथळे लेखकाला आयते मिळत. स्वतः कमावणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या पाश्चात्त्य नायक-नायिकेला आता अडवणार कोण? मग अडथळा त्यांच्या मनातच उभा करावा लागतो, आणि त्यासाठी एकमेकांबद्दलच्या तिरस्काराइतके सोयीचे साधन नाही.

पण सोय लेखकाची झाली. वाचकाला मिळते ते वेगळेच. शत्रू आपल्याकडे बारीक लक्ष ठेवून असतो. ल्यूसीला जोशुआचे शर्ट कोणत्या रंगाच्या क्रमाने येतात हे पाठ आहे. ज्याचा राग येतो त्याचा इतका हिशेब कोण ठेवते? वाचकाला उत्तर आधी कळते आणि पात्राला नंतर. या मधल्या अंतरातच खरी गंमत असते. शिवाय शत्रूसमोर कोणी गोड वागत नाही. दोघांनी एकमेकांचे वाईटात वाईट रूप आधीच पाहिलेले असते. मागाहून भ्रमनिरास होण्याची भीती उरत नाही.

याचा सर्वोत्तम नमुना अजूनही जेन ऑस्टेन यांची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) हीच. डार्सी पहिल्यांदा मागणी घालतो ते ६१ पैकी ३४व्या प्रकरणात, आणि एलिझाबेथ त्याला साफ झिडकारते. दुसऱ्या दिवशी तो एक पत्र देतो. ते पुन्हा पुन्हा वाचताना आपण माणूस ओळखण्यात चुकलो, हे तिच्या लक्षात येते. तिकडे त्यालाही आपला ताठा जाणवतो. दोघांनी पुराव्यानिशी मत बदलावे, हे प्रत्यक्ष आयुष्यात किती दुर्मीळ!

मानसशास्त्र काय सांगते?

इलियट अ‍ॅरन्सन आणि डार्विन लिंडर यांनी १९६५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थिनींना स्वतःबद्दल दुसऱ्या व्यक्तीचे अभिप्राय ऐकू येतील अशी योजना होती. सुरुवातीपासून स्तुती करणाऱ्यापेक्षा, आधी नावे ठेवून हळूहळू अनुकूल झालेली व्यक्ती त्यांना अधिक आवडली. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम दर वेळी तितका ठळक दिसला नाही. त्यामुळे ‘विज्ञानाने सिद्ध’ वगैरे म्हणण्यात अर्थ नाही.

मग आक्षेप कशाला?

वैर आणि छळ यांतली रेघ पुसली जाते म्हणून. कॅथलीन वुडिविस यांच्या ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ (१९७२) या गाजलेल्या कादंबरीत नायक सुरुवातीलाच नायिकेवर बलात्कार करतो आणि तरीही शेवटी तोच तिचा प्रियकर ठरतो. जॅनिस रॅडवे यांनी अमेरिकेतल्या एका गावातील नियमित वाचक स्त्रियांशी बोलून ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) लिहिले. या स्त्रियांना बलात्काराच्या कथा मुळीच आवडत नव्हत्या. पण नायकाचा आरंभीचा कठोरपणा त्या जुन्या जखमेच्या किंवा गैरसमजाच्या खात्यावर टाकत. पुरुषाचा रुक्षपणा म्हणजे दडलेले प्रेम, अशी वाचनाची सवय लागते, ही रॅडवे यांची चिंता होती. नायिकेचा नकार म्हणजे होकाराची सुरुवात, असे मानणाऱ्या हिंदी चित्रपटांवर वाढलेल्यांना ती सहज कळावी.

फरक ओळखणे फारसे अवघड नाही. दोघांची ताकद साधारण बरोबरीची आहे का, तिला उठून जाता येते का आणि चूक कोण कबूल करतो, हे पाहावे. ल्यूसी आणि जोशुआ एकाच पायरीवर आहेत. डार्सी श्रीमंत आहे, पण एलिझाबेथ त्याला नकार देऊ शकते आणि देते. दुसऱ्यांदा विचारताना तो, तिचे मन बदलले नसेल तर हा विषय कायमचा बंद करण्याची तयारी दाखवतो. नायक दुसऱ्याच्या नोकरीवर, घरावर किंवा जिवावर हुकमत गाजवत असेल, तर त्याला ‘एनिमी’ म्हणणे हा नुसता शब्दांचा खेळ झाला.

वाचकांनाही हे कळलेले दिसते. निव्वळ स्पर्धेच्या गोष्टींना आता ‘रायव्हल्स टू लव्हर्स’ म्हटले जाते, तर छळणाऱ्या नायकाच्या कथा ‘बुली रोमान्स’ वा ‘डार्क रोमान्स’ या नावाने वेगळ्या विकल्या जातात. त्यांतल्या अनेक पुस्तकांत पहिल्याच पानांवर आशयाबाबतचा इशारा छापलेला असतो.