सागर आणि कडा : तरुणांच्या दोन पाठशाळा

व्यापारी घरातील मुलाला जमाखर्च घरीच शिकता येतो. जोखीम ओळखून वेळेवर निर्णय घेण्याचा अभ्यास मात्र वहीवर होत नाही. वारा फिरला असता शीड केव्हा उतरवावे आणि बाजार फिरला असता खरेदी केव्हा थांबवावी, हे दोन्ही प्रश्न एकाच जातीचे आहेत. यांतील पहिल्या प्रश्नाचा प्रत्यक्ष अभ्यास करण्याची सोय रत्नागिरीच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना गावातच उपलब्ध आहे.

राष्ट्रीय छात्रसेना १९४८ साली स्थापन झाली आणि १९५२ मध्ये तिची नौदल शाखा सुरू झाली. रत्नागिरीत ‘२ महाराष्ट्र नेव्हल युनिट’ कार्यरत असून गोगटे-जोगळेकर महाविद्यालयातील विद्यार्थी त्यात प्रशिक्षण घेतात. वल्हवणे, शीड हाताळणे, दोराच्या गाठी मारणे, झेंड्यांच्या खुणांनी संदेश पाठवणे हे तेथील विषय. २७ फुटी ‘व्हेलर’ होडीत एकाचे वल्हे जरी लयीतून चुकले, तरी होडीची दिशा ढळते. आपल्या चुकीचा भार इतरांवर पडतो, हे तेथे सांगावे लागत नाही. ते हातांनाच कळते.

दुसरी पाठशाळा कड्यांची. घोड्याच्या नालेच्या आकाराचा रत्नदुर्ग तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. या शहरात ‘रत्नदुर्ग माउंटेनिअर्स’सारख्या संस्थांनी प्रस्तरारोहणाची आवड रुजवली. दोराने कडा उतरणाऱ्याची खरी परीक्षा धाडसाची नसते. कंबरेचा पट्टा, गाठ आणि दोराचा आधार पुन्हा एकदा तपासण्याची शिस्त त्याच्या अंगी आहे की नाही, हे तेथे पाहिले जाते.

अशा शिक्षणाच्या इतिहासात एका व्यावसायिकाचेही स्थान आहे. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांवरील तरुण खलाशी हार मानतात आणि त्यांच्याहून वयस्क, अनुभवी खलाशी तग धरतात, असे ब्रिटिश जहाज कंपनीचे भागीदार लॉरेन्स होल्ट यांचे मत होते. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्यासह त्यांनी १९४१ मध्ये वेल्समधील ॲबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा काढली. उणीव बळाची नसून संकटात टिकण्याच्या सवयीची आहे, हे त्यांनी ओळखले होते.

तरीही संमतिपत्रावर सही करताना आईवडिलांचा हात थांबतो, विशेषतः मुलीच्या बाबतीत. ही काळजी रास्तच आहे. परंतु तिचे रूपांतर नकारात न करता प्रश्नांत करावे. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाची नोंदणी झाली आहे काय? प्रशिक्षकाने कोणता अभ्यासक्रम पूर्ण केला आहे? प्रत्येकास जीवरक्षक जाकीट आणि शिरस्त्राण मिळते काय? दोरास दुसरा स्वतंत्र आधार असतो काय? जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे? हवामान बिघडल्यास कार्यक्रम रद्द करण्याचा अधिकार कोणाकडे आहे? मुक्कामी शिबिर असल्यास सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची व्यवस्थाही आधीच विचारून घ्यावी.

या प्रश्नांना स्पष्ट उत्तरे देणाऱ्याकडेच मुले सोपवावीत आणि उत्तरे टाळणाऱ्यास नम्रपणे नकार द्यावा. उद्या पेढीची सूत्रे ज्यांच्या हाती जायची आहेत, त्यांनी प्रतिकूल वाऱ्यात सुकाणू धरण्याचा सराव आजच, जाणत्यांच्या देखरेखीखाली केलेला बरा.