आरपार दगड

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन आटोपून गावं नुकती झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी-सास्तूरची जमीन हादरली आणि जवळपास 8 हजार माणसं गेली. बहुतेकांचा जीव घेतला तो त्यांच्याच घराच्या भिंतींनी.

सास्तूरकडचं जुनं घर म्हणजे दोन-अडीच फूट रुंदीची दगडी भिंत आणि वर मातीचं जाड माळवद. भिंत गढीसारखी भक्कम दिसे. खरं तर त्या दोन भिंती होत्या: आत एक थर, बाहेर एक थर आणि मधे दगडगोटे-मातीची भर. दोन्ही थरांना जखडून ठेवणारा लांब, आरपार दगड फारसा कुणी घालत नसे. जमीन हलली, थर फुगून एकमेकांपासून सुटले आणि माळवदाची माती झोपलेल्यांवर कोसळली.

हे कोडं विज्ञानाला नवं नव्हतं. रुडकी विद्यापीठात भूकंप अभियांत्रिकीचं केंद्र 1960 मध्येच सुरू झालं होतं. भूकंपरोधक बांधकामाची भारतीय मानकसंहिता 1967 ची. पण हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत होता. विद्यापीठात होतं ते ज्ञान इथल्या गवंड्याच्या हातात उतरलं नव्हतं.

संशोधन लोकांपर्यंत नेण्याची आजची रुळलेली वाट अशी: शोध लागतो, विद्यापीठ पेटंट घेतं, मग एखाद्या कंपनीला परवाना देतं किंवा संशोधकच स्टार्टअप काढतो. अमेरिकेत 1980 च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना ठेवता येऊ लागली आणि ही वाट रुंदावली. आयआयटी मुंबईने 2004 मध्ये स्टार्टअपना आधार देणारं 'साइन' हे केंद्र उभारलं. त्याच संस्थेत आणि टाटा मेमोरियलमध्ये घडलेल्या संशोधनातून 'इम्युनोअ‍ॅक्ट' कंपनी निघाली. रक्ताच्या काही कर्करोगांवरच्या तिच्या 'नेक्सकार19' उपचाराला 2023 मध्ये मान्यता मिळाली. परदेशात काही कोटींत जाणारा असा उपचार इथे लाखांत आला.

भूकंपाच्या क्षेत्रातही ही वाट आहे. बर्कलीत पीएचडी केलेले व्हिक्टर झायस यांनी इमारतीखाली बसवायचा आधार तयार केला: वाटीसारख्या खोलगट पोलादी पृष्ठभागावर सरकणारा. धक्का बसला की इमारत वाटीत किंचित वर सरकते आणि स्वतःच्याच वजनाने पुन्हा मधे येते. त्यांनी त्यासाठी कंपनी काढली. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल अशाच आधारांवर उभं आहे. याच विचाराचा दुसरा प्रकार, रबराचे आधार, भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते भूकंपानंतरच्या नव्या किल्लारीत. तिथली एक शाळा आणि एक दुकानसंकुल त्यांवर बांधलं गेलं.

मात्र सास्तूरच्या शेतकऱ्याला रबरी आधार परवडणारा नव्हता. त्याला हवा होता तो आरपार दगड. उभ्या भिंतीतही त्याचं काम करणारा सांधा घालता येतो. काही दगड हलक्या हाताने काढायचे, आरपार भोक पाडायचं, दोन्ही टोकांना वाकवलेली सळई त्यात बसवायची आणि काँक्रीट भरायचं. सोबत माळवदाची माती कमी करायची. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात 52 गावं नव्याने वसवली गेली, त्यात सास्तूरही होतं. जी गावं हलवली नाहीत, तिथल्या घरांच्या मजबुतीकरणात हेच उपाय सांगितले गेले.

या उपायाचं पेटंट होत नाही. त्यावर कंपनी चालत नाही, गुंतवणूकदार पैसा लावत नाही. म्हणून विद्यापीठाची कामगिरी केवळ पेटंट आणि स्टार्टअप मोजून ठरवली, तर असं ज्ञान हिशेबातून सुटतं. विकता येईल त्या शोधासाठी कंपनी निघावीच. 'नेक्सकार19'ने तिची किंमत सिद्ध केली आहे. जे विकता येत नाही, त्यासाठी गवंड्यांची प्रशिक्षणं, गावात बांधून दाखवलेली नमुन्याची भिंत आणि त्याला लागणारा पैसा ही विद्यापीठाची आणि सरकारची जबाबदारी. प्रयोगशाळा आणि घर हेही भिंतीचे दोन थरच आहेत. त्यांना जखडणारा दगड भिंत उभी असतानाच घालावा लागतो. भिंत पडल्यावर त्याचा उपयोग नाही.