मुरबाडच्या बाजारातला लेपा

मुरबाडला रेल्वे नाही आणि शहापूरचे स्टेशन आसनगावात. भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला पहाटे लिलाव झालेला मासा आमच्याकडे पोचतो तो दोन-तीन हात बदलून. कोणी कल्याणच्या बाजारातून थर्माकोलच्या पेट्या टेम्पोत घालून मुरबाडला आणतो, कोणी बाई लोकलच्या मालडब्यातून पाटी घेऊन वासिंद-आसनगावला उतरते. त्याच्याही आधी ट्रॉलरवरचे दिवस असतात. ट्रॉलर समुद्रात कित्येक दिवस राहतो आणि पहिल्या दिवशी जाळ्यात आलेला मासा बंदर येईपर्यंत बर्फातच पडून असतो. त्यामुळे आमच्या बाजारात ‘मासा आजचा का?’ असे विचारून काही हाती लागत नाही. वाटेत बर्फ कमी पडला की नाही, ते माशाकडे बघून ओळखावे लागते.

म्हणूनच मी लेप्याची बाजू घेते. समुद्रापासून आत राहणाऱ्या घराला हा मासा फार सोयीचा आहे आणि त्याला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही. पाहुणे यायचे असले की सगळ्यांना पापलेट हवे. पापलेटचा मान रास्तच आहे. २०२३ मध्ये ते महाराष्ट्राचा राज्यमासा झाले, आणि पापलेटसाठी नावाजलेली सातपाटी १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. पण मागणीपायी बोटभर लांबीची पिल्लेसुद्धा बाजारात येतात आणि ती हौसेने घेतली जातात, हे मला बघवत नाही. अंडी घालण्याआधीच मासा तव्यावर गेला तर पुढच्या वर्षी जाळ्यात यायचे काय?

पापलेट दिसायला चपटे असले तरी पोहते उभे आणि त्याचे डोळे दोन बाजूंना असतात. लेपा मात्र खरोखर एका कुशीवर पडून जगतो. पिल्लू असताना त्याचेही डोळे दोन बाजूंनाच असतात. वाढता वाढता उजवा डोळा डोक्यावरून सरकत डावीकडे येतो आणि मासा उजव्या कुशीवर तळच्या चिखलात आडवा होतो. वरची बाजू चिखलाच्या रंगाची, खालची पांढरी. त्याच्याच गोतातला भाकस अंगाने मोठा आणि जाड. त्याचे तुकडे पडतात. तो आमच्याकडे क्वचित येतो, आला तर सोडू नये.

लेप्याच्या मांसात चरबी कमी. तारली, बांगडा यांच्या अंगातले तेल हवा लागली की खवट होते आणि असे मासे लवकर उतरतात. कमी चरबीचा मासा बर्फात जास्त टिकतो आणि गोल अंगाच्या माशापेक्षा चपटा मासा जास्त टिकतो, हे मत्स्यशास्त्रात पक्के झालेले आहे. ज्या माशाला धक्क्यापासून आमच्या चुलीपर्यंत यायला एवढा वेळ लागतो, त्याच्यात हा गुण सगळ्यात आधी बघायला हवा.

निवडताना नेहमीच्या खुणा इथे अपुऱ्या पडतात. ‘डोळे बघून मासा घ्यावा’ हे पापलेट-सुरमईला ठीक. लेप्याचे डोळे मोहरीएवढे, त्यांत काय बघणार! कल्लेही झाकलेले असतात, ते बोटाने उचलून लाली बघावी लागते. मुरबाडला एक मासळीवाली बसते. मी लेप्याच्या ढिगापाशी वाकले की ती स्वतःच एक उचलून हातात देते. ‘बाय, डोक्याकडून आडवा धर. फडक्यासारखा लोंबला त नको घेव.’ अगदी ताठ लेपा आमच्यापर्यंत येत नाही, कारण ताठरपणा बर्फात दिवस-दोन दिवसांत जातोच. पण चांगला लेपा वाकतो आणि सोडला की पुन्हा सरळ व्हायला बघतो. मग मी तो उलटा करते. लोक सहसा वरची बाजूच बघतात, पण लेप्याचे सगळे खरे खालच्या पांढऱ्या बाजूला लिहिलेले असते. ती बाजू स्वच्छ पांढरी हवी. पिवळट झाक आली असेल, कडेच्या पराजवळ तांबूस डाग असतील, तर मासा बर्फाबाहेर राहिलेला आहे. डोक्यामागे पोटाची जागा असते, जेमतेम अंगठ्याएवढी. तिथे दाबून बघावे. बोटाचा खड्डा तसाच राहिला किंवा करडे पाणी सुटले, तर तो ढीगच सोडावा. अंगावरची बुळबुळ पाण्यासारखी नितळ असावी, दुधाळ आणि चिकट नको. वास समुद्राचा चालेल. नाकाला झोंबणारा वास आला तर भाव कितीही पाडला तरी घेऊ नये.

घरी आणला की पिशवीसकट फ्रिजमध्ये टाकण्याची सवय आधी मोडावी. पोट आणि कल्ले लगेच काढायचे, कारण सडण्याची सुरुवात तिथून होते. एकदाच धुऊन कापडाने कोरडा करायचा. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चार-पाच अंश तापमान असते आणि चार अंशांवर मासा बर्फातल्या माशाच्या साधारण दुप्पट वेगाने उतरतो. म्हणून फ्रिज असला तरी बर्फ लागतोच. खोल डब्यात चाळणी ठेवायची, चाळणीत बर्फ, त्यावर मासे, वर पुन्हा बर्फ. वितळलेले पाणी खाली गळून जायला हवे. त्या पाण्यात रात्रभर पडलेला लेपा पांढराशुभ्र दिसतो, पण त्याची चव गेलेली असते. कोकमाचे आगळ किंवा लिंबू आदल्या दिवशी लावू नये. आंबटाने मांस आधी आखडते आणि सकाळपर्यंत भुसभुशीत होते. दुसऱ्या दिवसापुढे ठेवायचा असेल तर गोठवावा, तोही गठ्ठा करून नाही. एकेक पसरून, मध्ये प्लास्टिकचा कागद घालून ठेवला तर लवकर गोठतो आणि शिजवताना पाणी कमी सोडतो. आमच्या तालुक्यांत वीज गेली की कधी येईल ते सांगता येत नाही. अशा वेळी फ्रीजर उघडायचाच नाही, आणि बर्फ सुटलेला मासा पुन्हा गोठवायचा नाही, त्याच दिवशी शिजवायचा.

जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा लेप्याचा विचार सोडून द्यावा. त्या दिवसांत इथल्या घरांत आगोटीला भरून ठेवलेले सुके बोंबील आणि सुकट निघतात, आणि पहिल्या पावसाला ओहोळातून भातखाचरात चढणाऱ्या वलगणीच्या माशांसाठी पोरे रात्री बत्त्या घेऊन बाहेर पडतात. भातसाच्या जलाशयातले रोहू-कटलाही मिळतात. चवीला ते चांगले, पण लेप्याचे मऊ, सौम्य मांस त्यांत नाही.

लेप्याची कातडी काढणे हे खरे हातचे काम. बाजारातून साफ करून घेता येतो, पण मी घरी करते. डोक्याजवळ सुरीच्या टोकाने आडवी चीर द्यायची आणि नखाने कातडीची कड सोडवायची. ती बुळबुळीत असते, चिमटीत राहत नाही. बोटांना चुलीतली राख किंवा जाडे मीठ लावले की पकड येते. मग एका हाताने डोके पाटावर दाबून धरायचे आणि दुसऱ्या हाताने कातडी शेपटीच्या दिशेने, अंगाला चिकटून, न थांबता ओढायची. वर उचलून ओढली तर मांस बरोबर येते. नीट जमले की चर्रर्र आवाज करत ती एका पट्टीत निघते आणि आतून फिकट गुलाबी, काचेसारखे मांस दिसते. कडेचे पर कात्रीने कापले की मधला एकच काटा उरतो. लहान मुलाच्या ताटात हा मासा निर्धास्त वाढता येतो.

तळायच्या आधी पंधरा-वीस मिनिटे हळद, मीठ, ठेचलेला लसूण, थोडे लाल तिखट आणि आगळ, एवढेच लावते. जाड वाटणाचा लेप या माशाला सोसत नाही, चव त्याखाली दबून जाते. वरून रव्याऐवजी तांदळाचे पीठ. इकडे भात घरचा, पीठ घरचे, आणि पातळ माशावर ते रव्यापेक्षा हलके बसते. लोखंडी तवा चांगला तापू द्यावा, तेल घालून आच मध्यम करावी आणि मासा टाकल्यावर त्याला हात लावू नये. कड सोनेरी होऊन तो तव्यावरून आपणहून सुटला की एकदाच उलटायचा. एका बाजूला तीन-चार मिनिटे पुरतात. जास्त ठेवला की मांस कोरडे पडते आणि सगळ्या मेहनतीवर पाणी.

तळताना कापून काढलेली डोकी टाकायची नाहीत. चैत्र-वैशाखात कैऱ्या असतात तेव्हा त्यांचे कालवण करावे: तेलात भरपूर ठेचलेला लसूण, आगरी मसाला, हळद, पाणी, कैरीच्या फोडी. खोबरे नको. कैरी मऊ झाली की डोकी आणि उरलेले एक-दोन लेपे सोडायचे आणि पुढे डाव घालायचा नाही, दोन्ही कानांनी टोप धरून हलवायचा. दोन उकळ्या आल्या की टोप खाली. तांदळाच्या भाकऱ्या आधीच झालेल्या असाव्यात, कारण हे कालवण पुन्हा तापवले की लेपा त्यात विरघळून जातो.